दाद न देणारा जंतू

आमच्या माहेरच्या गोतावळ्यात माणूस लग्नाला आला नाही तर एक वेळ चालतं, पण दवाखान्यात भेटायला आला नाही तर ते पिढ्यानपिढ्या लक्षात ठेवतात. ‘आमच्या आबांचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही फिरकला नाहीत’ हे मी साखरपुड्यात ऐकलंय, दहाव्याला ऐकलंय, आणि एकदा तर पंगतीत बसले असताना वाढणाऱ्या बाईने माझ्या पानात भात टाकता टाकता ऐकवलंय. त्यामुळे कोणी आजारी पडलं की आमच्याकडे आधी गाडी ठरते आणि मग आजार काय आहे ते विचारतात. गाडी भरून जातात, कॉटवर बसतात, पेशंटच्या अंगावरून हात फिरवतात, त्याच्यासाठी आणलेली केळी आपणच खातात आणि निघताना ‘काळजी घ्या’ म्हणून सांगतात.

माझा धाकटा भाऊ डाळिंबाचे क्रेट भरताना ट्रॉलीवरून पडला आणि नडगीचं हाड कातडी फोडून बाहेर आलं, तेव्हा ही सगळी फौज सटाण्याहून नाशिकला लोटली. मी गंगापूर रोडला एकटीच राहते. दवाखाना माझ्या घरापासून जवळ, मी हायस्कुलातून विज्ञान शिकवून रिटायर झालेली, आणि वर मोठी बहीण. तेव्हा भावाला सांभाळायचं काम कोणी न विचारताच माझ्याकडे आलं. भावजय बिचारी गरीब गाय. डॉक्टर समोर आले की तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून बोलायचं कामही माझंच.

दवाखाना म्हणजे काय विचारता. आत शिरल्या शिरल्या संगमरवर, काचेच्या पेटीत गणपती, खोटं कारंजं. रिसेप्शनच्या टेबलावर हाताला लावायच्या औषधाची बाटली साखळीने बांधून ठेवलेली. मी पहिल्या दिवशी दाबली, फुस्स. दुसऱ्या दिवशी दाबली, फुस्स. रिकामी बाटली चोरीला जाऊ नये म्हणून साखळी लावणारी माणसं मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. तिथल्या मुलीला म्हटलं, “अगं, ही भरा तरी.” ती म्हणाली, “मॅडम, स्टोअरला सांगितलंय.” ते स्टोअर बहुधा काशीला असावं, कारण आम्ही तिथून बाहेर पडलो तोवर ती बाटली काही भरली नाही.

ऑपरेशन झालं, पायात रॉड बसला. मोठे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “फर्स्ट क्लास.” भावाने त्या गुंगीतसुद्धा त्यांना हात जोडले. चार दिवस बरे गेले आणि मग ताप चढला. पट्टी ओली व्हायला लागली. खोलीत शिरलं की वास यायचा, साठवणीच्या चाळीत कांदा कुजला की येतो तसला. मी पदर नाकाला लावला नाही, कारण भाऊ माझ्या तोंडाकडेच बघत होता.

पू तपासायला गेला आणि रिपोर्ट आला. मोठ्या डॉक्टरांनी मला आणि भावजयीला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, “जंतू हट्टी निघाला. नेहमीचं एकही औषध लागू पडत नाही. एक इंजेक्शन उरलंय, जुनं आहे, किडनीला जड आहे. त्याने आटोक्यात आलं तर पाय राहील. नाही आलं तर गुडघ्याखालून काढावा लागेल, नाहीतर जिवावर बेतेल.” भावजयीने माझा हात घट्ट धरला. मी विचारलं, “पण आला कुठून हा जंतू?” ते म्हणाले, “बाहेरूनच येतं हो हे सगळं. जखमेत माती गेली होती. शिवाय तुमच्याकडे माणसं बघा किती येतात.” तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि आम्ही उठलो.

मला ते पटलंच होतं, खोटं कशाला बोलू. आमच्या माणसांबद्दल कोणी वाईट बोललं की मला ते लगेच पटतं.

भावाची तर मी हजेरीच घेतली. कारण हा गृहस्थ जन्मभर अँटिबायोटिकच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खात आलाय. शिंक आली, घे गोळी. पोट बिघडलं, घे गोळी. मेडिकलवाल्याला सांगायचं, “दोन स्ट्राँगवाल्या दे,” आणि दोन खाऊन बरं वाटलं की उरलेल्या फ्रिजवरच्या डब्यात, पुढच्या वेळेला. गावच्या डॉक्टरने सुई टोचली नाही तर त्याला डॉक्टर म्हणायचं नाही, असं त्याचं मत. आणि बागेत बघाल तर हाच माणूस केवढा हुशार. डाळिंबावर तेल्या रोग पडला की हे लोक माणसांचंच औषध पाण्यात कालवून झाडांवर फवारतात. तोच भाऊ मला दर वर्षी ऐकवायचा, “आक्का, एकच औषध सारखं मारलं का तेल्या दाद देत नही. मग किती बी मार.” झाडाचं त्याला कळत होतं. स्वतःला तो झाडाएवढी सुद्धा अक्कल लावायला तयार नव्हता.

मी म्हटलं, “तेल्याचं तुला कळतं, मग स्वतःचं का नाही कळलं?”

तो उशीवर मान टाकून म्हणाला, “झाड बोलत नही, आक्का. त्याची काळजी घेनी पडस.” आणि हसला. पाय पणाला लागला होता आणि हा हसत होता. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि रडूही आलं.

त्याला वेगळ्या खोलीत हलवलं, आणि मी दाराशी प्लॅस्टिकचं स्टूल टाकून बसले. म्हटलं, आता बघते कोण आत जातं ते. घरून साबण आणला, बेसिनजवळ ठेवला. शाळेत कॉपी करणारी पोरं पकडायचे, तीच नजर अजून शाबूत होती.

पहिल्याच दिवशी आमचे मामा आले, गाडीभर माणसं घेऊन. मामांची एक पद्धत आहे. एवढं डिझेल जाळून नाशिकला आलोच आहोत तर शहरात आपल्याकडचं जे जे कोणी अ‍ॅडमिट असेल, त्या सगळ्यांना एकाच फेरीत उरकायचं. भावाला बघून खालच्या मजल्यावर कोणाची तरी बाळंतीण बघायची, मग द्वारका चौकाकडच्या दवाखान्यात कोणाचं तरी पोट, मग घरी. बाळंतिणीच्या बाळाला हे सगळे जण हातात घेणार, गालाला हात लावणार आणि तोच हात कपाळावर ओवाळून बोटं मोडणार. मी म्हटलं, “मामा, आत एकच माणूस जाईल, तोही हात धुऊन. आणि इथून निघाल्यावर त्या बाळाकडे कोणी जायचं नाही.”

मामा म्हणाले, “आक्का, भाचाले भेटू बी नही का आम्ही?”

“खिडकीतून भेटा.”

“आम्ही काय रोगराई आहोत का?”

मी म्हटलं, “हो.” त्यांच्यासोबतच्या एका बाईने कनवटीचा अंगारा काढला होता, पायाच्या पट्टीवर लावायला. मी तिचा हात हवेतच धरला. म्हटलं, “हा तुमच्याच कपाळाला लावा, तिथे जास्त गरज आहे.” बाई फणकाऱ्याने मागे फिरली. मामा बाहेर बाकावर बसून मोठ्यांदा म्हणाले की शिकलेल्या बाईला शेवटी रक्ताचंही काही वाटत नाही. मी ऐकलं आणि साबण पुढे केला. मामांनी हात धुतले, पण असे, की जणू मला शाप देत आहेत.

रोज हेच. कोणाला अंगारा, कोणाला तीर्थ, कोणाला पेशंटच्या पायाला हात लावून नमस्कार करायचाय, कारण भाऊ नात्याने चुलत दीर लागतो. मी सगळ्यांना बाहेर काढलं. आमच्या नात्यात माझं नाव कायमचं काळं झालं, आणि मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ताप थोडा उतरला होता. इंजेक्शन चालू होतं. भावजय हळूच म्हणाली, “आक्का, तुम्ही आहात म्हणून.” मला बरं वाटलं. मला वाटलं, आपण पाय वाचवतो आहोत.

आता दाराशी दिवसभर बसलं की दोन्हीकडचं दिसतं, आतलंही आणि बाहेरचंही. आमच्या खोलीला लागून जनरल वॉर्ड होता. त्याच्या दाराजवळच्या कॉटवर येवल्याकडचे एक आजोबा होते, खुब्याचं ऑपरेशन झालेले. त्यांची लेक पाण्याच्या फिल्टरपाशी भेटायची. एकदा सहज बोलताना ती म्हणाली की आजोबांच्या जखमेतूनही पू येतोय आणि त्यांनाही तेच किडनीला जड असलेलं इंजेक्शन चालू आहे. मी तिच्याकडून आजोबांचा रिपोर्ट मागून वाचला. जंतूचं नाव तेच. आजोबा बाथरूममध्ये घसरून पडले होते, माती त्यांनी पाहिली नव्हती. त्यांना भेटायला त्या एका लेकीशिवाय चिटपाखरू येत नव्हतं.

मी स्टुलावर परत येऊन बसले आणि पहिल्यांदा नीट बघायला लागले.

मोठ्या डॉक्टरांचा राउंड म्हणजे देवाची पालखीच. मागे ज्युनिअर, सिस्टर, वॉर्डबॉय. वॉर्डातले सगळे उठून उभे राहतात, उठता येत नाही ते पडल्या पडल्या हात जोडतात. त्या दिवशी ते आजोबांच्या कॉटपाशी थांबले, हातमोजे घातले, पट्टी उचलली, खुब्याच्या कडेने दाबून पाहिलं, “चांगलंय” म्हणाले. मग तेच हातमोजे घातलेल्या हाताने खिशातून फोन काढला आणि दिंडोरीकडच्या कुठल्या तरी प्लॉटबद्दल बोलत बोलत आमच्या खोलीकडे आले. फोन खिशात टाकला. आमच्या खोलीचं दार त्याच हाताने ढकललं. आणि त्याच बोटांनी माझ्या भावाच्या जखमेच्या कडा दाबल्या.

मला वाटलं आपल्या डोळ्यांची चूक झाली. म्हातारपण आहे, होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी चष्मा पुसून बसले. दुसऱ्या दिवशीही तसंच. मामांच्या हातावर मी साबणाने पहारा करत होते, आणि हा माणूस माझ्यासमोरून रोज तो जंतू पोहोचवत होता, आणि मी त्याला उठून उभी राहत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तिसऱ्या दिवशी ते आत आले तेव्हा मी कॉटच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिले. म्हटलं, “डॉक्टर, हातमोजे बदलता का? आत्ताच तुम्ही पलीकडच्या आजोबांची जखम बघितलीत.”

सिस्टर जमिनीकडे बघायला लागली. ज्युनिअर डॉक्टर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मोठे डॉक्टर हसले, लहान पोराने आगाऊपणा केल्यावर पाहुण्यांसमोर हसतात तसे. म्हणाले, “मॅडम, इथे डॉक्टर कोण आहे, मी की तुम्ही?”

“तुम्हीच. म्हणून तर तुम्हाला म्हणतेय.”

“सिस्टर, मॅडमचं समाधान होऊ द्या. नवीन ग्लव्हज आणा.” ते आणले. डॉक्टरांनी ते माझ्या तोंडासमोर धरून, एकेक बोट ताणून घातले, जखम अर्धा क्षण पाहिली, काढून फेकले आणि निघाले.

पण मला त्यांचा एवढा राग आला नाही. अशी माणसं मी जन्मभर पाहिली आहेत. शाळेत तपासणीला यायचे ते साहेबही असेच. राग आला तो माझ्या भावाचा. डॉक्टर वळले तसा तो कोपरावर उठायला बघत होता, पाय हलला तर जीव जाईल एवढं दुखत असताना. हात जोडून म्हणत होता, “साहेब, आमच्या आक्काचं मनावर घेऊ नका. मास्तरीण होती, सवय आहे तिला. तुम्ही देवमाणूस आहात.”

डॉक्टर म्हणाले, “असू दे, असू दे.”

ते गेल्यावर भाऊ माझ्याशी बोलला. एरवी तो माझ्याशी घरची अहिराणीच बोलतो, तोडकीमोडकी का होईना. त्या दिवशी तो शुद्ध मराठीत बोलला, परक्याशी बोलावं तसं. म्हणाला, “आक्का, तुम्ही घरी जा. आता येऊ नका. माझा पाय त्यांच्या हातात आहे आणि तुम्ही त्यांनाच दुखवताय.”

तो मला जन्मात कधी ‘तुम्ही’ म्हणाला नव्हता. मी भावजयीकडे बघितलं. ती उशीचा अभ्रा नीट करत राहिली. मी पिशवी उचलली. रिक्षात बसल्यावर मला रडू फुटलं, आणि ते दुःखाचं कमी आणि संतापाचं जास्त होतं. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, “कोणी गेलं का, मावशी?” मी म्हटलं, “नाही. सगळे आहेत.”

माझ्या स्टुलावर मामा बसले, असं कळलं. म्हणजे दार सताड उघडंच. डॉक्टर स्वतः यायचे बंद झाले, ज्युनिअरला पाठवायला लागले. भावाने ते माझ्याच खात्यावर मांडलं, की आक्काने साहेबांना नाराज केलं. ताप परत चढला. मग किडनीचा आकडा वाढला आणि इंजेक्शन बंद करावं लागलं. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात, तसंच आलं. भावजयीचा सकाळी फोन आला. ती फक्त “आक्का, या” म्हणाली.

पाय गुडघ्याखालून काढला. मी गेले तेव्हा तो शुद्धीवर होता. चादर एका बाजूला सपाट पडली होती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “आक्का, जेवनी का तू?” मी म्हटलं, “जेवले.” त्याच्यावर ओरडायचं म्हणून मी जे जे घरून ठरवून आले होते त्यातलं काही बोलले नाही.

आता यापुढचं सांगते, ते खरं वाटणार नाही, पण आमच्या लोकांना ओळखणाऱ्याला वाटेल. घरी सोडायच्या दिवशी मामांनी सत्कार ठरवला. हो, डॉक्टरांचा. शाल, श्रीफळ, फेटा आणि निवडक डाळिंबांची पेटी. आमच्याकडे माणूस वाचला की सत्कार, निवडून आला की सत्कार, बदली झाली की सत्कार, आणि पाय गेला तरी सत्कारच. भावाला व्हीलचेअरवर बसवून कॉरिडॉरमध्ये आणलं. त्याला उभं राहता येत नव्हतं, म्हणून शाल घालून घ्यायला डॉक्टर स्वतः वाकले. त्यांच्या विनयाचं सगळ्यांनी कौतुक केलं. मग ते दोन शब्द बोलले. इन्फेक्शन बाहेरून आलं होतं, केस अवघड होती, पण पेशंटचा विश्वास मोठा होता आणि जीव वाचला याचं समाधान आहे, वगैरे. मामांनी टाळ्या वाजवल्या. भावाने डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांना लावला.

कोणीतरी माझ्या हातात मोबाईल दिला, फोटो काढायला. मी काढला. चांगला आलाय, अजून त्यांच्या भिंतीवर आहे.

टाळ्या चालू होत्या आणि मागे आमची खोली मोकळी करणं चालू होतं. वॉर्डबॉयने संडास पुसून आणलेल्या काळ्या पाण्याच्या बादलीत फडकं बुडवलं, फरशीवरून एक फेर मारला, चादर बदलली, झालं. फरशी वाळायच्या आत स्ट्रेचर आलं. कॉलेजातली मुलगी होती, स्कूटरवरून पडलेली, मांडीचं हाड मोडलेलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. तिला त्याच कॉटवर घेतलं. आई माझ्याहून बरीच लहान, साधी, भाजीबाजारातून तशीच उठून आलेली वाटत होती. ती मुलीच्या केसांतले काचेचे तुकडे वेचत होती.

मी आत गेले. माझा राग अजून गरम होता, त्यामुळे आवाज चढलेलाच असणार. म्हटलं, “बाई, माझं ऐका. इथे जो कोणी तुमच्या मुलीला हात लावेल त्याला आधी हात धुवायला लावा. सिस्टर असो, वॉर्डबॉय असो. मोठे डॉक्टर असले तरी. हातमोजे नवीन घातल्याशिवाय जखमेला शिवू देऊ नका. हीच कॉट माझ्या भावाची होती, तो बाहेर बसलाय बघा.”

तिने दारातून बाहेर बघितलं. व्हीलचेअर दिसली, एक पाय दिसला, आणि फेटा बांधलेले डॉक्टर दिसले. ती उठली. मला वाटलं बाहेर जाऊन विचारते आता. तिने खोलीचं दार लावून घेतलं.

माझ्याजवळ येऊन, अगदी कानाशी, ती म्हणाली, “हळू बोला हो. त्यांच्या कानावर गेलं तर माझ्या पोरीकडे कोण बघणार?”